डायलिसिस फुकट, औषध विकत

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ ठराव झाले. मराठी शाळांचे प्रश्न झाले, फलकांचे झाले, आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेल्या दाव्याची उजळणी तर दर मेळाव्याला होते. तिथे आज औषधाच्या चिठ्ठीवर बोलायला आम्ही उभे राहणार म्हटल्यावर दोघाचौघांनी मघाशी चहाच्या वेळीच विचारले, "हा काय राजकारणाचा विषय झाला का?" आमचे म्हणणे, झाला. चिठ्ठीवरचे औषध कोणी द्यायचे हे सरकारी कागदावर लिहिलेले आहे. ते मिळत नाही म्हणून आपल्या माणसाचे सोने तारण पडते. आणि विचारायला गेले तर अर्ज कोणत्या भाषेत आणला आहे, तिथून सुरुवात होते. राजकारण आणखी काय निराळे असते?

प्रथम एक सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे आहोत. कोणते औषध घ्यावे, किती घ्यावे, हे आम्ही सांगणार नाही आणि आम्ही सांगितले तर तुम्ही ऐकूही नका. आमचा विषय पैशाचा. मंडळाच्या आजारी-मदत गटात आम्ही तिघेचौघे काम करतो, त्यात जे कागद हाताखालून गेले त्यांचा हा हिशेब.

सुरुवात २०१६ सालापासून करू. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळेल, अशी ती घोषणा. त्या भाषणात त्यांनी सांगितले की देशात दरवर्षी मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेले २ लाख २० हजार नवे रुग्ण वाढतात, एका डायलिसिसला सुमारे २,००० रुपये पडतात आणि वर्षाचा खर्च ३ लाखांच्या वर जातो. कॉमर्सवाल्याची खोड, आम्ही लगेच गुणाकार करून पाहिला. आठवड्याला तीन वेळा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. २,००० गुणिले १५६, बरोबर ३ लाख १२ हजार. हिशेब चोख आहे. पण त्या हिशेबात फक्त यंत्रावर झोपण्याचे पैसे आहेत. उठल्यावर हातात जी चिठ्ठी पडते, तिचा रकाना त्यात कुठेही नाही.

घोषणा पोकळ ठरली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कार्यक्रम सुरू झाला, यंत्रे आली. पूर्वी डायलिसिस म्हटले की शेत विकायला काढायचे, तेवढी पाळी आता प्रत्येकावर येत नाही. हे ज्याचे त्याला दिले पाहिजे. पण मोफत डायलिसिस मिळूनही घर खचताना आम्ही पाहतो, ते या चिठ्ठीमुळे.

चिठ्ठीवर असते काय? मूत्रपिंड नुसते लघवी तयार करत नाही. रक्तातल्या लाल पेशी तयार व्हाव्यात म्हणून लागणारे एक द्रव्य, एरिथ्रोपोएटिन, ते तयार करते. मूत्रपिंड बंद पडले की हे द्रव्य बंद, मग रक्त कमी होत जाते. डायलिसिसचे यंत्र रक्त स्वच्छ करते, पण हे द्रव्य काही बनवू शकत नाही. ते इंजेक्शनाने बाहेरून द्यावे लागते, बहुतेकांना आठवड्यातून एक ते तीन वेळा. त्याच्या जोडीला शिरेतून लोहाचे इंजेक्शन, कारण लोह नसेल तर पहिले इंजेक्शन वाया. मग जेवणातले फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या, प्रत्येक जेवणाबरोबर. रक्तदाबाच्या दोनतीन गोळ्या, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल. यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वस्त पडतात. महाग पडते ते एरिथ्रोपोएटिन, आणि फॉस्फरससाठी सेवेलामेर दिले असेल तर ते.

माणूस काटकसर कुठे करतो? जे थांबवल्याने उद्या काही दुखत नाही तिथे. डायलिसिस चुकवले तर दोन दिवसांत दम लागतो, म्हणून ते कोणी चुकवत नाही. इंजेक्शन चुकवले तर आठवडाभर काहीच कळत नाही. मग तीनाचे दोन होतात, दोनाचे एक होते, आणि दोन महिन्यांनी जिना चढवत नाही म्हणून दाखवायला जावे तर हिमोग्लोबिन सहावर आलेले असते. डॉक्टर साधारण दहा ते साडेअकराच्या आसपास राहावे असे पाहतात. तेराच्या वर नेणेही धोक्याचे असते, म्हणून जास्त इंजेक्शन म्हणजे जास्त ताकद असेही कोणी समजू नये. सहावर आले की रक्त चढवावे लागते. नातेवाईक म्हणतात, रक्त तर मिळाले, इंजेक्शनचे पैसे वाचले. खरे पाहता तिथे मोठा तोटा होतो. वारंवार दुसऱ्याचे रक्त चढले की शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, आणि पुढे मूत्रपिंड बदलायची वेळ आली तर जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते. आज वाचवलेल्या काही हजारांपायी ज्याच्यावर सगळी आशा होती तो रस्ताच अरुंद होतो. हे आम्हाला एका तज्ज्ञ डॉक्टरांनी समजावून सांगितले. तोवर आम्हीही रक्त मिळवून देणे हीच मोठी मदत समजत होतो.

आता काउंटरची गोष्ट. सोनेतारण कर्जाच्या अर्जावर कारणाचा एक रकाना असतो. लोक बहुधा 'शेती' लिहितात नाहीतर 'घरखर्च'. गेल्या काही वर्षांत 'औषधपाणी' लिहिणारे वाढले. खानापूर तालुक्यातल्या एक बाई अशाच आल्या. नवरा डायलिसिसवर, दवाखाना सरकारी, डायलिसिसचा एक रुपया लागत नाही. बोरमाळ घेऊन आल्या होत्या. वजन झाले, मूल्यांकन झाले, आणि कर्ज किती हवे असे विचारल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून औषध दुकानाची बिले काढून काउंटरवर मांडली आणि म्हणाल्या, "एवढ्याचेच द्या साहेब, जास्त नको, व्याज कोण भरणार?" तीन महिन्यांची बिले होती. आम्ही उलटून पाहिली. प्रत्येक बिलावर तीच दोन इंजेक्शने. आणि बिलांना टाचलेल्या चिठ्ठ्या त्याच दवाखान्याच्या, जिथे डायलिसिस मोफत चालते.

तिथून आम्ही मुळाकडे गेलो. या कार्यक्रमाची केंद्र सरकारची २०१६ सालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. डायलिसिस केंद्र खासगी भागीदाराने चालवायचे असेल तर कोणी काय आणायचे याची त्यात वाटणी केलेली आहे. खासगी भागीदाराने माणसे आणायची, डायलिसिसचे यंत्र आणायचे, पाणी शुद्ध करण्याचे संयंत्र आणायचे, डायलायझर आणि बाकीचे वापराचे साहित्य आणायचे. सरकारने जागा द्यायची, वीज द्यायची, पाणी द्यायचे, आणि औषधे द्यायची. हा शेवटचा शब्द नीट ऐका. औषधे सरकारने द्यायची. म्हणजे डायलिसिस केंद्रातला तंत्रज्ञ "आमच्याकडे इंजेक्शन येत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, ते त्याच्याकडे यायचेच नसते. ते यायचे असते रुग्णालयाच्या औषध भांडाराकडे. आपला माणूस भांडतो तंत्रज्ञाशी, भांडाराच्या खिडकीपर्यंत जातच नाही. आणि एरिथ्रोपोएटिन काय, लोहाचे इंजेक्शन काय, दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. चैनीचे औषध आहे म्हणून ठेवत नाही, असे म्हणायला कोणाला जागा नाही.

म्हणून पहिली पायरी अशी. चिठ्ठी मिळाली की बाहेरच्या दुकानात जाण्याआधी ती भांडाराच्या खिडकीवर दाखवायची. नाही म्हणाले तर 'उपलब्ध नाही' असे चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून मागायचे. बहुतेक वेळा लिहून देत नाहीत. मग वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करायचा, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. बँकेत आम्ही रोज शिक्का मारून देतो ती पोच. ती नसेल तर तुमचा अर्ज दिलेलाच नाही असे धरून चाला.

अर्ज कोणत्या भाषेत? इथे आपल्या विषयाशी गाठ पडते. राज्यघटनेचे कलम ३५० सांगते की गाऱ्हाणे मांडण्यासाठी कोणत्याही व्यक्तीला केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. मराठी या जिल्ह्यात वापरली जात नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. तेव्हा गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देण्याचा तुमचा हक्क आहे. पण माहिती अधिकाराचा अर्ज निराळा. त्या २००५ च्या कायद्यात भाषा ठरवून दिली आहे, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. तो मराठीत दिला तर परत येऊ शकतो, आणि परत आला की आपले लोक मोर्चाची तयारी करतात. मोर्चा जरूर काढा, पण तोवर रुग्णाचे दोन महिने जातात. तो अर्ज हिंदीत लिहा. लिपी तर तीच आहे. आणखी एक. कर्नाटकाच्या नियमात माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. आपल्याकडच्या अर्जात पहिले दीडशे शब्द सीमाप्रश्नाच्या इतिहासातच जातात. एवढेच विचारायचे, गेल्या बारा महिन्यांत एरिथ्रोपोएटिनची आणि लोहाची किती इंजेक्शने मागवली, किती आली, किती वाटली, आज शिल्लक किती. उत्तराची मुदत ३० दिवस. ज्या माहितीशी माणसाच्या जीविताचा संबंध आहे ती ४८ तासांत द्यावी असेही कायद्यात आहे. ते कलम ७(१) अर्जात नमूद करायला विसरू नका.

मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी रुग्णालयांच्या आवारातली जनऔषधी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. कारण असे दिले की सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते, मग आवारात विक्री कशाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, त्यात आम्ही शिरत नाही. पण कारण मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकार स्वतःच म्हणते की औषध मोफत द्यायचे हे आमचे धोरण. ठीक आहे. मग इंजेक्शनाच्या चिठ्ठ्या आवाराबाहेर का येतात, एवढेच नम्रपणे विचारायचे. याच आदेशाची प्रत अर्जाला जोडा.

विमा योजनेचे बोलू. कर्नाटकात आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक या दोन्ही २०१८ साली एकत्र करण्यात आल्या. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि एपीएल कार्डवाल्याला ठरवलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. एपीएल मंडळींचे इथे हाल होतात, ती आपलीच माणसे, दुकानात कारकून, यंत्रमागाचा छोटा मालक. कार्डाचा रंग वेगळा म्हणून रोग काही सौम्य होत नाही. आयुष्मान भारतच्या लाभांत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस, तपासण्या आणि औषधे, असा उल्लेख आहे. आता गंमत पाहा. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा येतो. त्याचे पंधरा दिवस संपायच्या आत तो सहा वेळा पुन्हा आलेला असतो. मग त्याची औषधे कोणत्या दिवशी त्याच्या खिशावर येतात? हा प्रश्न आम्ही एका आरोग्यमित्राला विचारला, तो हसला आणि वरच्यांना विचारून सांगतो म्हणाला. तुम्हीही विचारा, लेखी विचारा. शंभर जणांनी विचारले तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागेल.

उद्यमबागेत फाउंड्रीत, कारखान्यात कामाला असणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती हातात असून लोक सोडून देतात. पगारपत्रकात ईएसआयची कपात असते. २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० ठेवली गेली. ही कपात म्हणजे पगारातली गळती असे समजतात. प्रत्यक्षात ईएसआयचा विमा असलेल्याला आणि त्याच्या घरच्यांना उपचार औषधांसकट आहेत. मधला दर्जा नाही, अमुक एक लाखांची कमाल मर्यादा नाही. आणि विमाधारक कामगार स्वतःच आजारी असेल तर दीर्घ आजारांच्या यादीत जुनाट मूत्रपिंड विकार आहे. दोन वर्षे सलग नोकरी आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आमच्या माहितीतल्या एका तरुणाने आजार कळताच लाजेने राजीनामा दिला. मालकावर भार नको म्हणून. नोकरी गेली, तिच्याबरोबर हे सगळे जाण्याची वेळ आली. राजीनामा लिहिण्याआधी ईएसआयच्या दवाखान्यात जा, एवढे घरोघर सांगा.

जिथे विकत घेण्याशिवाय इलाज नाही, तिथे भाव कमी कसा पडेल ते पाहावे. अत्यावश्यक यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देते. लोक समजतात की सरकारी किंमत म्हणजे सगळ्यांत कमी. तसे नाही. २०१३ च्या आदेशाप्रमाणे बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडांच्या भावाची सरासरी काढतात, त्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरतात, आणि ती कमाल मर्यादा होते. म्हणजे हे छप्पर आहे, जमीन खाली बरीच असते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या छापील किमतींत मोठे अंतर असू शकते, आणि छापील किमतीत दुकानदाराला सूट द्यायला वाव असतो. नियमित गिऱ्हाईक महिन्याचा माल एकदम घेत असेल तर विचारायला लाजू नये. दहा रुग्णांनी एकत्र विचारले तर अधिक बरे. बाजारात आपण भाजी घासाघीस करून घेतो, आणि इंजेक्शनाला छापील किंमत मोजून येतो.

मात्र इंजेक्शनाचा ब्रँड परस्पर बदलू नका. एरिथ्रोपोएटिन ही साधी गोळी नव्हे, जिवंत पेशींपासून तयार केलेले औषध आहे, एकाऐवजी दुसरे द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच. तुम्ही डॉक्टरांना सरळ म्हणा, "साहेब, हे परवडत नाही, यातले स्वस्त कोणते चालेल?" आमचा अनुभव असा की असे विचारल्यावर बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत, चिठ्ठी बदलून देतात. विचारत नाही म्हणून त्यांना वाटते परवडते. फॉस्फरसच्या गोळ्यांतही कॅल्शियमवाल्या स्वस्त, सेवेलामेर महाग, पण कोणाला कोणती चालते ते रक्ताच्या तपासणीवर ठरते. औषध मूळ नावाने लिहावे, अशी वैद्यक परिषदेची २०१६ ची दुरुस्ती आहे. २०२३ मध्ये ती सक्तीची करणारे नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. तेव्हा विनंती करायची, हुज्जत नको. मूळ नावाची चिठ्ठी असली की जनऔषधी दुकानात रक्तदाबाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या तरी निम्म्याहून कमी भावात मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, बिल घेतले तरच तो फरक दिसेल.

एक बारीक गोष्ट. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, गोठलेलेही चालत नाही. बेळगावात घेऊन एसटीने दोन तास खिशात घालून गावी नेले, तर पैसे देऊन पाणी टोचून घेतल्यासारखे. बर्फाच्या पिशवीत, डब्यात, आणि बर्फ इंजेक्शनाला न टेकता.

आता आपल्या तिकटीबद्दल. सीमाभागातला रुग्ण तीन राज्यांच्या मधोमध उभा आहे. पूर्वी आपले लोक गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जायचे. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. गोव्याची दीनदयाळ योजना गोव्याच्या रहिवाशांची. त्यांचे त्यांच्या जागी बरोबर असेल. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले. आपण पेढे वाटले. कर्नाटकाने आक्षेप घेतला, आणि जानेवारी २०२४ मध्ये इथे अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रांवर प्रशासनाची कारवाई झाली. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या, वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. रांगेत हातात फाइल घेऊन उभी असलेली माणसे घरी गेली, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचे डायलिसिस होते.

आमचे मत स्पष्ट सांगतो, काहींना आवडणार नाही. महाराष्ट्राची योजना मिळायलाच हवी, तो लढा लढत राहू. पण त्या भरवशावर कर्नाटकाचे कार्ड काढायचे टाळणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. 'त्यांचे कशाला घ्यायचे' असे अभिमानाने सांगतात. अहो, कर आपण भरतो. पेट्रोलवर भरतो, मिठाईवर भरतो. त्या पैशाचे इंजेक्शन घेतल्याने कोणाची मराठी कमी होत नाही. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तो पाहायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे. आणि महाराष्ट्राच्या मंत्र्यांनाही निवेदन देताना '८६५ गावांना योजना' एवढेच मोघम लिहू नये. योजनेत डायलिसिस असले तरी बाहेरून घ्यावी लागणारी औषधे येतात का, आणि इथला माणूस कोल्हापूर-मिरजेला आठवड्यातून तीनदा जाणार कसा, हे विचारावे. नाहीतर पुन्हा तेच, यंत्र फुकट आणि चिठ्ठी खिशात.

मदत निधींबद्दल थोडक्यात. पंतप्रधान निधीतून मूत्रपिंड प्रत्यारोपणासारख्या मोठ्या उपचाराला मदत मिळते, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीच्या यादीत डायलिसिसही आहे. पण हे पैसे रुग्णालयाच्या नावे, एका उपचारासाठी येतात. दरमहा औषध दुकानात लागणाऱ्या पैशाला त्यांचा आधार धरता येत नाही. लोक यामागे सहा महिने धावतात आणि औषध भांडाराची खिडकी पन्नास पावलांवर असते. आयकर भरणाऱ्यांनी जुनी करपद्धती निवडली असेल तर जुन्या कायद्यातल्या ८० डीडीबी कलमाची सवलत पाहावी. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून जुने नाव सांगितले. अवलंबून असलेल्या रुग्णाच्या उपचाराचा ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंतचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. मूत्रपिंडतज्ज्ञाची चिठ्ठी लागते. आणि रुग्णाला बँकेत उचलून आणू नका. सत्तरीच्या वरच्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. शाखेत लेखी मागा.

मंडळाने काय करावे? आमच्या गटाने तीन गोष्टी कार्यकारिणीपुढे ठेवल्या आहेत. डायलिसिस केंद्राबाहेर त्या दिवशी ही दोन इंजेक्शने शिल्लक किती याचा फलक लागावा, आणि तो मराठीतही असावा. या फलकासाठी मात्र आम्ही मोर्चाला सगळ्यांत पुढे राहू. दुसरे, जिल्हा पालकमंत्र्यांना निवेदन देताना औषधांची तरतूद वेगळी दाखवण्याची मागणी करावी. तिसरे, वर्गणीतून रोख मदत देण्याऐवजी, भांडारात औषध नसेल त्या आठवड्यापुरते इंजेक्शन घेऊन द्यावे आणि त्याचे बिल अर्जासोबत रुग्णालयाला पाठवत राहावे. पैसे परत मिळतील असे नाही. पण फायलीत कागद साठत जातो, आणि साठलेल्या कागदाला उत्तर द्यायला सरकारी कचेरीलाही कधीतरी बसावे लागते.

त्यासाठी आकडे हवेत. ज्यांच्या घरी, गल्लीत, गावात कोणी डायलिसिसवर आहे त्यांनी गेल्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्यांची आणि बिलांची झेरॉक्स पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मंडळाच्या कचेरीत आणून द्यावी. मूळ कागद घरीच ठेवा. झेरॉक्सवर रुग्णाचे नाव झाकले तरी चालेल, तारीख, औषधाचे नाव आणि रक्कम दिसली पाहिजे. रेशनकार्डाचा प्रकार आणि ईएसआय आहे की नाही हे मागच्या बाजूला लिहा. अर्जाचे मराठी आणि हिंदी नमुने तयार आहेत, ते तिथेच मिळतील. पोच घ्यायला विसरू नका, आमच्याकडूनसुद्धा.